आगबोटींच्या अवशेषांची आधी नोंद हवी

महोदय,

निवती रॉकजवळ ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका समुद्रतळाशी ठेवून पाणबुडी पर्यटन सुरू करण्याच्या योजनेवरील आपला अग्रलेख वाचला. योजनेला माझा विरोध नाही. मात्र किनाऱ्यावरील जुन्या आगबोटींचे अवशेषही पर्यटकांना सरसकट खुले करावेत, ही त्यातील सूचना पटत नाही.

‘गुलदार’ 1985 साली नौदलात दाखल झाली आणि तिचा सारा इतिहास कागदोपत्री उपलब्ध आहे. उथळ खडकांवर फुटलेल्या आगबोटीचे तसे नसते. गोव्याजवळील आमी शोल्स येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना अशाच एका बोटीचे बॉयलर, इंजिनाचे भाग आणि भट्टीच्या अग्निविटा आढळल्या. नावाची पाटी हाती लागत नाही, तेव्हा विटेवरील कारखान्याच्या छापावरूनही बोटीचा काळ ताडता येतो. तीच वीट कुणी दिवाणखान्यात मांडण्यासाठी उचलली, की पुरावा कायमचा गेला. पितळी झडपांना तर भंगारातही भाव मिळतो, हे किनाऱ्यावर वेगळे सांगायला नको.

पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोने 2001 मध्ये स्वीकारलेल्या करारात भारत अद्याप सहभागी झालेला नाही. निदान राज्याने तरी प्रत्येक अवशेषाची मोजमापे व छायाचित्रे घेऊन नोंद पूर्ण होईपर्यंत तेथे व्यावसायिक बुड्यांना परवानगी देऊ नये, आणि नंतरही प्रशिक्षित मार्गदर्शकाशिवाय कुणाला खाली सोडू नये.

– एक वाचक, वेंगुर्ले