मनगट धरणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

इथे इंग्लंडमध्ये सगळे तुम्हाला नावानं हाक मारतात. पण मिरजेत नर्सिंग शिकून आलेल्या बाईला मी नुसत्या नावानं कशी हाक मारू? म्हणून सिस्टरच.

त्या रविवारी सकाळी ह्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. काही बोलायला गेले तर जड जिभेनं भलतेच शब्द आले. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. "झोप झाली नाही, दुसरं काही नाही," म्हणाले. माझे वडीलही इस्लामपूरला असंच म्हणाले होते. हात बधिर झाला, लिंबू सरबत घेतलं, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले ते शेवटपर्यंत. म्हणून ह्यांचं न ऐकता मी ९९९ ला, इथल्या ॲम्ब्युलन्सच्या नंबरला, फोन लावला.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी तपासलं, ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली आणि सांगितलं, "उद्या सकाळी नऊला टीआयए क्लिनिकला या, आता घरी जा." टीआयए म्हणजे थोड्या वेळात आपोआप ओसरणारा छोटा स्ट्रोक, अर्धांगवायूच्या मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना. मी त्यांच्याशी भांडले. तिकडून भाऊ फोनवर ओरडत होता, "ॲडमिट करायला सांग!" आपल्याकडे खाट मिळाली की निम्मं बरं झाल्यासारखं वाटतं. शिवाय मेडिक्लेमलाही बहुतेक वेळा चोवीस तासांचं ॲडमिशन लागतं, त्यामुळे ती सवय हाडीमाशी भिनलेली. ती रात्र मी ह्यांच्या श्वासाकडे कान लावून काढली.

सोमवारी यंत्राच्या तारा लावायच्या आधी तुम्ही ह्यांचं मनगट हातात घेतलंत. चांगलं मिनिटभर. मग म्हणालात, "ठोके सारखे पडत नाहीयेत." ईसीजीत तेच निघालं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळतं आणि एखादी गुठळी मेंदूकडे जाते. हे सगळं तुम्ही कागदावर चित्र काढून दाखवलंत. ह्यांना बाहेर बसवून मलाही विचारलंत: कुठला हात, तोंड वाकडं झालं होतं का, किती मिनिटं? ज्यानं पाहिलं त्यालाच खरं माहीत असतं, असं म्हणालात. आदल्या दिवशी मला कुणीच काही विचारलं नव्हतं.

एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, रक्त, सगळं एकाच मजल्यावर. मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहून डॉक्टरांनी ॲस्पिरिन थांबवली आणि रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी सुरू केली. तिची पहिली गोळी ह्यांनी तुमच्यासमोर घेतली तेव्हा तीन वाजले होते. नऊ ते तीन, एवढंच.

मी तरीही विचारलं, रात्रभर ठेवून घेतलं असतं तर? तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त, म्हणून घाई तपासणीची आणि औषधाची करायची. खाट गुठळी अडवत नाही. ऑक्सफर्डच्या प्रोफेसर पीटर रॉथवेल यांचं २००७ सालचं काम सांगितलंत. क्लिनिकमध्ये लगेच तपासून तिथेच औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांत स्ट्रोक होण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी पॅरिसच्या चोवीस तास उघड्या क्लिनिकनंही दाखवलं, की चारातले जवळजवळ तीन पेशंट त्याच दिवशी घरी जाऊ शकतात. हे आकडे ऐकताना मला वडिलांचे ते मधले दोन दिवस आठवत होते. त्या दोन दिवसांत कुणीतरी त्यांची नाडी धरायला हवी होती.

पण नुसतं "घरी जा" म्हणणं वेगळं आणि तुम्ही पाठवलंत ते वेगळं. रात्री घरात कोण असतं, हे तुम्ही आधी विचारलंत. एकटे असते तर वेगळा विचार केला असता, हेही स्पष्ट सांगितलंत. मग तुमच्या अक्षरात मराठीत लिहून दिलंत: चेहरा, हात, बोलणं. यातलं काहीही बिघडलं तर लगेच ९९९, थांबून पाहायचं नाही. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. भावानंही त्याचा फोटो मागवून घेतला आणि आईच्या खोलीत लावला.

ह्यांना महिनाभर गाडी चालवायची मनाई होती, ती काल संपली. पहिली फेरी तुमच्याकडेच काढली, पण तुम्ही रजेवर होता. रिसेप्शनवर स्टीलचा डबा ठेवलाय, शेंगदाण्याचे लाडू आहेत. डबा परत करायची घाई नको. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा घेऊन जाऊ.

तुमची,
रविवारी भांडलेली बाई