त्या नऊ पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही आमच्या कॉलेजचे लॅब अटेंडंट म्हणून निवृत्त झालात, तेव्हा मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरी होते. निरोप समारंभाचे फोटो मोबाइलवर पाहिले. शाल, श्रीफळ, गळ्यात हार आणि अंगात तोच निळा शर्ट, जो घालून तुम्ही तीन वर्षं सकाळी सात वाजता लॅबचं कुलूप काढायचात. तेव्हाच हे पत्र लिहायला हवं होतं. माझा प्रकल्प अहवाल इंग्रजीत आहे. तुम्ही मात्र रोज दुपारी जेवण झाल्यावर मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचात, म्हणून हे मराठीत लिहितेय. चार लोकांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही. घरी आठ दिवस कोणी फारसं बोललं नाही. मग प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीला आले, ते जनुकशास्त्राचे पेपर त्यात आहेत म्हणून. पुस्तकातलं जनुकशास्त्र मला आवडायचं. मेंडेलने वाटाण्याचे ७३२४ दाणे मोजले, त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक, हे वाचताना गणित सुटल्यासारखं वाटायचं. पण ते दाणे कोणीतरी बसून एकेक मोजले होते, हे तुमच्या लॅबमध्ये येईपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पहिल्यांदा आत आले तेव्हा वास आला तो शिऱ्याचा. तुम्ही स्टोव्हपाशी उभे राहून पातेल्यात रवा, गूळ आणि मिश्रण घट्ट करणारी अगर पावडर ढवळत होतात. मला वाटलं, कोणाचा तरी वाढदिवस असेल. तुम्ही म्हणालात, "बाय, हे आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी," आणि कपाटाकडे बोट दाखवलंत. उकळून ठेवलेल्या सलाइनच्या बाटल्या, तोंडाला मलमलीत गुंडाळलेले कापसाचे बोळे, आणि आत ड्रोसोफिला, म्हणजे फळमाश्या. मिश्रण थोडं निवलं की मगच प्रोपिऑनिक आम्ल घालायचं, म्हणजे बुरशी धरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत एवढ्यानेही भागत नाही, बाटल्या दर तीन-चार दिवसांनी बघाव्या लागतात. हे मी कुठल्या जर्नलमध्ये वाचलं नव्हतं, पण हे जमलं नाही तर या माश्यांवर प्रयोग करणारे मॉर्गनही नाहीत आणि मेंडेलही नाही.

याच माश्या आमच्या घरी काजूच्या हंगामात बोंडूंच्या ढिगावर घोंघावतात, हेही तुम्हीच सांगितलंत. त्या एप्रिलमध्ये बाबा कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या कुंडात, बोंडू मळत होते, तेव्हा मी भिंगातून त्या माश्यांचे लाल डोळे पाहिले. बाबांनाही दाखवले. मी काय शिकते ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आता त्या नऊ माश्यांकडे येते.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर असा संकर घेतला होता. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांचा जो एक नर सापडला, त्याचीच ही गोष्ट. डोळ्याच्या या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतं. त्यामुळे आई पांढऱ्या डोळ्यांची आणि बाप लाल डोळ्यांचा असेल, तर पहिल्या पिढीत सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या आणि सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघायला हवेत. मी १२८ माश्या मोजल्या. लाल माद्या ५२, पांढरे नर ६७, लाल नर एकही नाही. आणि पांढऱ्या माद्या ९.

माझे हात थरथरत होते. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये अशाच अपवादात्मक माश्यांवरून दाखवून दिलं होतं की आईच्या पेशीत दोन्ही एक्स गुणसूत्रं कधीकधी वेगळी न होता एकत्रच अंड्यात जातात, आणि जनुकं गुणसूत्रांवरच असतात याचा तो पुरावा ठरला. मला वाटलं, तेच माझ्या बाटलीत घडलंय. मैत्रीण म्हणाली, त्या नऊ माश्या गाळून टाक, तक्ता स्वच्छ दिसेल. मी दोन्ही गोष्टींच्या मध्ये अडकले होते, आणि सबमिशनला सतरा दिवस उरले होते.

तुम्ही टाइल पुसत होतात. पुसता पुसता विचारलंत, "बाय, माद्या उचलल्यास किती वाजता?"

आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, मधल्या वेळात कोशातून निघालेल्या नव्या माद्या संकरासाठी उचलल्या होत्या. साडेसोळा तास. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिलात, आणि मला कळलं. मादी कोशातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही, तेवढ्यात तिला वेगळी काढली तरच ती व्हर्जिन. रात्रभर ठेवायचीच असेल तर बाटली अठरा अंशांना ठेवावी लागते, म्हणजे सगळं संथ होतं. माझी बाटली एप्रिलच्या उकाड्यात टेबलावर होती. काही माद्यांचा त्यांच्याच बाटलीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरांशी आधीच संयोग झाला होता, आणि या नऊ माश्या त्यांच्या लेकी होत्या. ब्रिजेस यांचे अपवाद हजारोंत एखादे मिळतात, आणि त्यांच्यासोबत लाल डोळ्यांचे वांझ नरही दिसतात. माझ्याकडे तसा एकही नव्हता.

मी म्हणाले, "मग खोडून टाकू?" तुम्ही म्हणालात, "दिसल्या ना? मग लिही. खाली कारण लिही. आणि रविवारी सातला ये."

रविवार होता, काका. पेडण्याहून दोन बस बदलून तुम्ही आलात. तुम्ही मला ताजी मादी ओळखायला शिकवलीत: अंग फिकट, पंख अजून नीट उलगडलेले नाहीत, आणि पोटाच्या पातळ कातडीखाली तो गडद ठिपका. एकदा तो ठिपका दिसला की घड्याळ बघावं लागत नाही. माश्या बेशुद्ध करायला ईथर किती थेंब, ब्रशने माशी कशी लोटायची, उचलायची नाही, पंख वर ताठ उभे राहिले म्हणजे ईथर जास्त झालं, हे सगळं माझ्या हाताला तुमच्या हाताने सांगितलं. दुपारी लाइट गेली. फार तापलं तर नर वांझ होतात, म्हणून तुम्ही बाटल्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवल्यात, वर ओला पंचा टाकलात आणि लाइट येईपर्यंत तो दर अर्ध्या तासाने पिळून पुन्हा भिजवत राहिलात. तुमचा डबा त्या दिवशी चार वाजता उघडला.

अकराव्या दिवशी माश्या बाहेर पडायला लागल्या. तीन दिवस मोजलं. १४१. लाल माद्या ७३, पांढरे नर ६८, अपवाद एकही नाही. मी दोन्ही तक्ते अहवालात घातले, पहिल्या तक्त्याखाली त्या साडेसोळा तासांसकट.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच पहिला तक्ता उघडला. बराच वेळ प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "हे कारण तुला कसं सुचलं?" मी म्हणाले, "वाचून, सर." तुम्ही तेव्हा दारापाशी स्लाइडचा ट्रे घेऊन उभे होतात. तुम्ही ते ऐकलंत. नंतर मला चहा आणून दिलात आणि विचारलंत, "बरं झालं ना?"

ते "वाचून, सर" माझ्या मनातून जात नाही. अहवालाच्या आभाराच्या पानावर प्राचार्य आहेत, विभागप्रमुख आहेत, मार्गदर्शक मॅडम आहेत, आईबाबा आहेत. तुम्ही नाहीत. जागा नव्हती असं नाही. लॅब अटेंडंटचं नाव तिथे लिहितात, हेच आम्हाला कोणी दाखवलं नव्हतं, आणि मला स्वतःहून सुचलं नाही. त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते.

आता एमएस्सीला प्रवेश मिळालाय. पहिल्याच आठवड्यात व्हर्जिन माद्या वेगळ्या करायला दिल्या. वर्गातल्या दोघींना मी तो ठिपका दाखवला, आणि कोणी शिकवलं असं त्यांनी विचारल्यावर या वेळी तुमचं नाव सांगितलं.

आभाराचं पान मी पुन्हा छापून घेतलंय आणि अहवालाची नवी प्रत बांधून आणलीय. चवथीला पेडण्याला येते. आईने काजूगर आणि आंबाड्याचं लोणचं बांधून ठेवलंय. रव्याला किती गूळ, किती अगर, हे तुमच्या वहीतलं पान मला तेव्हा उतरवून घेऊ द्या. इथल्या बाटल्यांना बुरशी लागतेय.

तुमची,
सत्तरीची बाय