आजीचा मोदक क्लिष्ट नसतो

रेवदंडा,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप ऐकला आणि एकटाच हसत बसलो. काकू व्हिडिओ कॉलवर मोदकाच्या कळ्या पाडून दाखवताहेत आणि तुझी लेक कौतुकाने म्हणते, "आजी, तुझा मोदक फार क्लिष्ट आहे!" त्यावर काकूंनी मोदक उलटा करून पाहिला म्हणे, कुठे फुटलाय का! पोरीची यात काही चूक नाही. तिने तुला विचारलं, कॉम्प्लिकेटेडला मराठीत काय म्हणतात, आणि तू लेका शब्दकोश उघडून मोकळा झालास. क्लिष्ट कोशात सापडतो, पण स्वयंपाकघरात त्याला कोणी बघितलंय का?

तिला किचकट शिकव. आपण दिवसातून दोनदा तरी तो म्हणतो आणि म्हटल्याचं लक्षातही राहत नाही.

आज सकाळचीच गोष्ट. हिने बाजारातून करंदीचे, म्हणजे बारीक कोळंबीचे, दोन वाटे आणले आणि परात माझ्यापुढे सरकवली. एक करंदी सोलायला काय अक्कल लागते? डोकं मोडायचं, साल ओढायची, संपलं. तीन सेकंदांचं काम. पण अर्धा तास मान खाली घालून बसलो, बोटं सुरकुतली, बरंच झालं असेल म्हणून वाडग्यात पाहिलं तर तळसुद्धा झाकला नव्हता. दाराशी शेजारचे आले, म्हणाले, "किचकट काम आहे हो." नेमका शब्द. माडावर चढणं अवघड. ते मला या जन्मी जमायचं नाही. करंदी कोणालाही जमते, फक्त जीव खाते. अवघड कामाला अंगात काहीतरी लागतं. किचकट कामाला बूड टेकून बसायची तयारी लागते. मेथी निवडणं, डाळिंबाचे दाणे काढणं, सुईत काळा दोरा ओवणं, जुन्या स्वेटरची लोकर उसवून गुंडाळणं, सगळी त्याच जातीची. मोदकाचं म्हणशील तर कळ्या पाडणं आमच्या हिला किचकट वाटतं आणि मला अवघड, त्यामुळे तिथे पोरीने दोन्हींपैकी काहीही म्हटलं तरी चालेल.

शिवाय शिकणाऱ्याला हा शब्द सोपा. लिंग-वचनाची कटकट नाही. किचकट हिशेब, किचकट प्रक्रिया, किचकट काम, किचकट नियम, सगळीकडे तसाच्या तसा. याउलट गुंतागुंतीचा, गुंतागुंतीची, गुंतागुंतीचं करताना ती बिचारी तिथेच गुंतेल. नाम हवं तर किचकटपणा म्हणायचं. किचकटता कोणी म्हणत नाही.

आता तिचा खरा प्रश्न, की एखादी गोष्ट गरज नसताना कोणीतरी अवघड केली असेल तर? त्यासाठी वेगळं विशेषण शोधत बसू नकोस. आपल्याकडे ते काम क्रियापद करतं. "फॉर्म किचकट आहे" म्हटलं की नुसती तक्रार. "फॉर्म किती किचकट करून ठेवलाय!" म्हटलं की लगेच कोणीतरी आरोपीच्या पिंजऱ्यात. त्या "करून ठेवलाय"मध्ये सगळा राग बसतो. आणि नाक समोरून न धरता डोक्यामागून हात घालून धरणारा भेटला, तर त्याला द्राविडी प्राणायाम आहेच. (दक्षिणेकडच्या लोकांनी आपलं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे.)

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे सध्या मी वडिलांच्या जमिनीच्या वारसनोंदीत अडकलोय. सातबारा आता मोबाइलवर दिसतो, पण मला लागला तो जुना, हाताने लिहिलेला उतारा. एका नावापुढे ए.कु.मॅ., दुसऱ्यापुढे अ.पा.क. मला वाटलं पदव्या असतील. पहिलं निघालं एकत्र कुटुंब मॅनेजर, दुसरं अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, घरातली माणसं बोलतात गुंठ्यात, आणि हिस्से चक्क आणे-पैमध्ये! पैसे दशमान झाले १९५७ साली, पण उताऱ्यावर रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै तशाच चालू.

वडिलांच्या नावापुढे होतं ५ आणे ४ पै. मी म्हटलं, काय किचकट करून ठेवलंय! मग संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अख्खी जमीन म्हणजे एक रुपया, आणि रुपयाच्या पै १९२. वडील धरून तीन भाऊ, म्हणजे प्रत्येकी ६४ पै, म्हणजे बरोबर ५ आणे ४ पै. एक पैसुद्धा उरत नाही. हेच शंभर पैशांत करून बघ, तेहतीस तेहतीस करत एक पैसा हातात लोंबकळत राहतो. पुढे आई आणि आम्ही तीन भावंडं, म्हणजे ६४ चे चार वाटे, प्रत्येकी १ आणा ४ पै. मूळ जमीन २४ गुंठे, तेव्हा माझ्या वाट्याला २ गुंठे. ज्या कारकुनाला मी दुपारभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याचं गणित माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. तेव्हा पोरीला हेही सांग, की आपल्याला वाचता येत नाही ते प्रत्येक वेळी किचकटच असतं असं नाही. मी कान धरले.

पण म्हणून सगळ्यांनाच माफी नाही. परवा एका कार्यालयातून पत्र आलं. त्यात "उपरोक्त विषयान्वये", "सदरहू प्रकरणी", "तदनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही", आणि हे सगळं एकाच वाक्यात. मी तीनदा वाचलं, हिने मोठ्याने वाचलं. अर्थ एवढाच होता की एक झेरॉक्स कमी आहे. ही भाषा क्लिष्ट! तुझा कोशातला शब्द इथे शोभतो. क्लेश आणि क्लिष्ट एकाच धातूतून आलेत, आणि त्या पत्राने मला क्लेशच दिले. म्हणजे क्लिष्ट लिहिण्या-बोलण्याला आणि किचकट हाताच्या कामाला, असं ढोबळ धरायला सांग. जटिल सध्या राहू दे. तो समस्येच्या मागून बातम्यांत येतो. घरात जटिल म्हटलं तर आमची ही आधी केसांचा गुंता बघेल.

फेरफाराची नोंद झाली आहे, पंधरा दिवसांची नोटीस लागली आहे. कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी सही करतील. हरकत घेण्यासारखा एकच चुलतभाऊ आहे. तो काल येऊन चहा पिऊन गेला आणि जमिनीचं चकार शब्दाने बोलला नाही, त्याचीच जरा धास्ती वाटतेय.

लेकीकडून पाच वाक्यं लिहून घे आणि पाठव, मी तपासून देतो. काकूंना नमस्कार सांग. परातीत अजून निम्मी करंदी शिल्लक आहे आणि स्वयंपाकघरातून दुसरी हाक आली आहे, तेव्हा थांबतो.

तुझा,
आप्पा