हॅश चाळीस अक्षरांचा की चौसष्ट?

मा. संपादक,

‘जप्त केलेल्या संगणकातील लाखो फायलींची छाननी’ असं बातम्यांत छापून येतं. त्यातल्या बहुतेक फायली उघडाव्याच लागत नाहीत. विंडोज, ऑफिस, प्रिंटरचा ड्रायव्हर यांच्या त्याच फायली जगभरच्या संगणकांत सापडतात. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अंक-अक्षरांची ओळ, फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने अशा फायलींच्या हॅशची ‘एनएसआरएल’ ही सूची केली आहे आणि ती फुकट मिळते. हॅश जुळला की फाइल बाजूला. यात फाइलच्या नावाला काडीची किंमत नाही, हॅश निघतो तो आतल्या मजकुराचा. म्हापशाच्या एखाद्या दुकानदाराने दोन नंबरचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवून, फाइलला डीएलएलचं (विंडोजच्या अंतर्गत फाइलचं) नाव देऊन सिस्टम३२ या विंडोजच्याच फोल्डरमध्ये लपवली, तर भोवतालच्या खऱ्या डीएलएल गाळल्या जातात आणि नेमकी तीच उरते.

पण सूचीत आहे म्हणून फाइल निर्धोक ठरत नाही. हॅकिंगची हत्यारंही तिथे नोंदलेली आहेत. आणि गोव्यातल्याच कोणीतरी लिहिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर तिथे नसेल, म्हणून ते संशयास्पद होत नाही.

खरी गफलत कागदावर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या, संगणकीय पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे दोन्ही लिहायचं असतं; एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६ या त्या पद्धती, आणि वापरलेल्या पद्धतीवर खूण करायची. हॅश काढणाऱ्या विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेला शेवटी ‘एसएचए२५६’ सांगितलं नाही तर ती मुकाट एसएचए-१ काढून देते. मग खूण एसएचए-२५६ वर आणि अक्षरं चाळीस! एमडी५ ची ३२, एसएचए-१ ची ४०, एसएचए-२५६ ची ६४. सही करण्याआधी मोजायला मिनिटही लागत नाही. पहिली-शेवटची चार अक्षरं लिहून मध्ये टिंबं देणं तर निव्वळ आळस.

एसएचए-१ एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून २०१७ मध्ये मोडून दाखवला गेला. दुसऱ्याच्या तयार फाइलशी जुळणारी नकली फाइल मात्र त्या युक्तीने बनवता येत नाही, म्हणून एसएचए-१ च्या जुन्या सूच्या ओळखीच्या फायली गाळण्यापुरत्या चालतात. पुराव्याला एसएचए-२५६ च घ्यावा.

आणि तो ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होत असेल तर सही करू नये. शून्य बाइटच्या फाइलचा हॅश तसाच सुरू होतो. बहुधा पुराव्याची प्रत घेताना पेनड्राइव्हवर काही उतरलेलंच नसतं.

– एक वाचक, पर्वरी