सुध्यास, रात्रपाळीवरून

प्रेव्हेसाँ, फ्रान्स
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुध्या,

परवा फोनवर म्हणालास, "२०१६ ते २०२२ राबून ५१ कण? आमच्याकडे असल्या कॅशियरला घरी बसवला असता." तेव्हा शिफ्टची घाई होती. आता मध्यरात्र उलटलीये, बीम, म्हणजे कणांचा झोत, बंद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली दुरुस्ती. त्या ५१ घटना, कण नव्हेत: केऑन नावाच्या कणाचं आम्ही शोधतोय ते दुर्मिळ विघटन झाल्यासारखं दिसलं, अशा ५१ नोंदी. आणि त्यातल्या साधारण १८ खोट्या असणार, हा हिशेबही आमचाच. कुठल्या १८, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. तू खोटी नोट उजेडात धरून बाजूला काढतोस, आमच्याकडे गड्डीत खोट्या साधारण किती एवढंच कळतं.

बाकी काम तुझ्याच धंद्यातलं. सर्न या आमच्या प्रयोगशाळेत एसपीएस नावाच्या प्रवेगकातले प्रोटॉन बेरिलियमवर आदळतात. तिथून निघालेल्या लोंढ्यात सेकंदाला ७५ कोटी कण, त्यात केऑन जेमतेम सहा टक्के. एनए-६२ या आमच्या प्रयोगात केऑन किती संवेग घेऊन आत आला ते टिपायचं, आणि त्याच्या विघटनातून निघालेला पायऑन हा हलका कण किती घेऊन गेला तेही. मधली तूट एक न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण घेऊन जातात. ते दोघं हाती लागायचे नाहीत. म्हणून दुसऱ्या कुणी काही नेलं नाही, हे सिद्ध करत बसायचं. मार्चअखेरीला दोनशे रुपयांसाठी रात्री दहापर्यंत बसलेला तू आठवतोस ना, तसंच. शंभरातले त्रेसष्ट केऑन म्यूऑन आणि न्यूट्रिनो होऊन मोकळे होतात, आणि म्यूऑन पायऑनचं सोंग घेऊन यादीत घुसायला टपलेला. आणखी वीसेकांत विद्युतभार नसलेला पायऑनही निघतो. तो लगेच फुटून दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण होतात; ते दोन्ही नजरेतून सुटले की झाली खोटी तूट तयार!

खऱ्या घटना आलेखातल्या ज्या चौकटीत पडायच्या, ती आम्ही आधी झाकून ठेवतो. सगळे निकष पक्के झाल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवं ते उत्तर काढायला हात शिवशिवतात.

स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांचा सध्याचा मान्य सिद्धांत, त्याप्रमाणे दहा हजार कोटी केऑनांमागे पायऑन आणि न्यूट्रिनोंची जोडी असं विघटन आठ-नऊ वेळा घडायला हवं. आमच्या मोजणीतून तेवढ्याच केऑनांमागे आकडा निघाला १३, तीन इकडे-तिकडे. गेल्या महिन्यात ते जाहीर झालं: हे विघटन घडतं, याबद्दल आता शंका नाही. पण म्हणून मॉडेल चुकलं असं नव्हे, एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तरी जीव अडकतो, कारण इथलं कुठलंच यंत्र घडवू शकणार नाही असा एखादा जडशीळ कण असलाच, तर त्याची लुडबूड या आकड्यात दिसू शकते. खरं सांगू? जास्त मोजणी झाली की १३ चे दहाच्या आसपास येतील असं मला वाटतं. इथे कुणापुढे बोलत नाही.

मघाशी एक आलेख अचानक सपाट दिसला. तज्ज्ञाला झोपेतून उठवलं, तो बिचारा आला, स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "तारीख बघ." मी गेल्या आठवड्याचा टॅब उघडून बसलो होतो.

आला रे बीम. थांबतो. काकूंना नमस्कार, आणि मेतकूट संपलंय एवढं त्यांच्या कानावर घाल.

तुझा,
विन्या