बाबा, पुण्याला यायचं कॅन्सल

प्रिय आई-बाबा,

नाईट ड्युटी संपवून घरी आले, पडले, पण झोप येईना म्हणून लिहायला बसले. फोनवर बाबा तुम्ही "ठीक आहे, बरंय" एवढंच बोलता आणि फोन आईकडे देता. आई, हे तू वाचून दाखवू नकोस. चष्मा दे, अक्षरं मोठी करून दे, फोन त्यांच्या हातात ठेव आणि तू आत जा. नंतर तू पण वाच, बरंच तुझ्यासाठी आहे.

आधी निर्णय सांगते. पुण्याला यायचं कॅन्सल. बाबा, तुमच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दादा आणि मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून ठरवून टाकलं होतं, आई-बाबांना पुण्याला न्यायचं, नाशिकचा जेलरोडचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, आणि तुम्ही चार पावलांवर कॉटवर जागे होतात. तुम्हाला एका शब्दानेही विचारलं नाही. तुम्ही सगळं ऐकलं होतं हे मला आईकडून कळलं, आणि त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाहीये.

तर तुम्ही तुमच्याच घरी राहताय. सोमवारपासून सकाळी 8 ते 12 एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, येतील, पन्नाशीचे आहेत, मी त्यांच्याशी दोनदा बोलले, घाई करणारे वाटले नाहीत. हे पण तुम्हाला न विचारताच ठरवलं, कळतंय मला, पण आईच्या कमरेकडे बघून थांबता येत नव्हतं. वेळ बदलायची असेल तर तुम्ही बदला, आठ दिवसांत माणूस पटला नाही तर सरळ सांगा, दुसरा बघू. आणि मी नोकरी सोडून येत नाहीये. खूप विचार केला बाबा, पंधरा दिवस राहिले तेव्हा रोज रात्री हाच विचार करत होते, पण घराचे हप्ते आहेत, चिऊची सातवी आहे, आणि खरं सांगायचं तर मी तिथे असले की आई आणि मी मिळून तुम्हाला काहीच करू देत नाही. पाणी आम्ही देणार, बटणं आम्ही लावणार, घास पण आम्हीच भरवणार, आणि उजवा हात तर तुमचा ठणठणीत आहे.

हेच सांगायचंय. मोडलं ते खुब्याचं हाड. डॉक्टरांनी बॉल बसवला, एक्सरे छान आहे. पण डॉक्टर हाड बघतात, आम्ही नर्सेस त्या हाडामुळे माणसाचं काय झालं ते बघतो, आमचं निदान वेगळं लिहिलं जातं. त्यात एक आहे सिच्युएशनल लो सेल्फ एस्टीम. म्हणजे एरवी खंबीर असलेला माणूस आजारपणाने, ऑपरेशनने, नोकरी गेल्याने, अशा एखाद्या प्रसंगाने स्वतःच्याच नजरेतून उतरतो. कायमचं असतं त्याला क्रॉनिक म्हणतात, ते वेगळं. तुमचं ते नाही, 72 वर्षं तुम्हाला ओळखणारे सगळे सांगतील.

लक्षणं मी वॉर्डात शंभर वेळा बघितलीत आणि घरात मात्र आठ दिवस ओळखली नाहीत. "मी आता ओझं झालोय" हे वाक्य. चहा की कॉफी विचारलं तर "काहीही द्या". शेजारचे काका भेटायला आले तर डोळे मिटून पडून राहणं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, या पावसात तुम्ही एकदाही विचारलं नाहीत पाणी कुठपर्यंत आलं. दरवर्षी गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे मला पुण्यात तुमच्याकडून कळायचं, बातम्यांच्या आधी. यंदा दादाने सांगितलं तर तुम्ही कूस सुद्धा वळवली नाहीत. तेव्हा मला धस्स झालं.

हॉस्पिटलमधल्या त्या दुसऱ्या रात्रीबद्दल. तुम्ही लघवीची नळी ओढलीत, आणि सिस्टरना तुमच्या नोकरीतल्या प्रेसमधलं कुणी समजून शीट मोजायला सांगत होतात. सकाळी आईने सांगितल्यावर तुम्ही चादर तोंडावर घेतलीत, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाबा, ते वेड नव्हतं आणि म्हातारचळ पण नाही. त्याला डिलिरियम म्हणतात, वयस्कर माणसांना खुब्याच्या ऑपरेशननंतर पुष्कळदा होतो. भूल, दुखण्याची औषधं, झोप नाही, जागा अनोळखी, वर चष्मा आणि कवळी दोन्ही काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेली. तो उतरतो आणि तुमचा उतरला. आणि बघा, भ्रमात सुद्धा तुम्ही शीटच मोजत होतात.

दुसरी गोष्ट तुम्ही कुणाशी बोलणार नाही, म्हणून मीच बोलते. डायपर बदलताना पडदा ओढला नव्हता आणि त्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "परत घाण केली का". मी दारातच होते. मला रडू आलं आणि मी काहीच बोलले नाही. का नाही बोलले, तर गर्दीच्या ड्युटीत मीही पडदा अर्धा सोडून काम केलंय, केसपेपरवर नाव असताना "ओ आजोबा" हाक मारलीय. 14 वर्षांत कितीदा ते मोजता येणार नाही. तुमच्या ऑपरेशननंतर वॉर्डात परत गेले तेव्हापासून आधी पडदा ओढते, नावाने हाक मारते, काय करणारे ते सांगते आणि मगच हात लावते. वाईट वाटून घेऊ नका, पण हे मला नर्सिंग कॉलेजपेक्षा तुमच्या कॉटजवळ जास्त कळलं.

आता आई, नीट ऐक. कुणी भेटायला येणार असेल तर आधी कवळी, चष्मा आणि इस्त्रीचा शर्ट, मगच दार उघड. आंघोळीला ब्रदर फक्त पाठ आणि पाय करतील, बाकी बाबा खुर्चीवर बसून स्वतः करतील, अर्धा तास लागला तरी चालेल, बाहेरून "झालं का" विचारायचं नाही. भरवायचं बंद. "तुम्हाला काही झालं नाहीये" असं म्हणू नकोस, झालंय त्यांना, आणि ते खोटं धीर देणं त्यांना कळतं. ओझं झालोय म्हणाले तर विषय बदलू नकोस, जवळ बस, ऐक, "फार त्रास होतोय ना" एवढंच म्हण. नुसतं छान छान पण नको. "काल दारापर्यंत गेलात, आज गॅलरीपर्यंत" असं खरं असेल ते बोल. आणि विचारून कर गं, भाजी कुठली, पंखा किती, खिडकी उघडी की बंद. छोटं वाटेल तुला, पण महिनाभर त्या माणसाला एकही गोष्ट ठरवू दिलेली नाही आपण.

पासबुक, लाइट बिल आणि एटीएम कार्ड दादाकडून घेऊन बाबांच्या कपाटात ठेव. स्कूटर विकलेली नाही, पार्किंगमध्येच आहे, किल्ली खिळ्यालाच लटकू दे. आणि बाबा, चिऊला पावकी निमकी, ते पाव-अर्ध्याचे पाढे, शिकवायची आहे तुम्हाला, मी तिला सांगून ठेवलंय, रोज संध्याकाळी साडेसहाला ती व्हिडिओ कॉल करेल. माझ्याकडून ती शिकत नाही, माझी मलाच येत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं परत सांगते, रागवू नका. खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वाकून चप्पल काढायची नाही, कमोडवर उंच सीट लावूनच बसायचं, झोपताना दोन पायांत उशी. वॉकर सुटून काठी आली की काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशन उजव्या पायाचं आहे म्हणून. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. आई, तुझी बीपीची गोळी पण, मला स्ट्रिपचा फोटो पाठव, मागच्या महिन्यात तू चार दिवस चुकवलीस.

एक काळजी मात्र लपवत नाही. हे उतरलेपण हळूहळू जातं, पण मन असंच सलग दोन आठवडे बसलेलं राहिलं, झोप जेवण सुटलं, किंवा "जगून काय करायचं" असं तोंडातून आलं, तर ते नुसतं मन खचणं नाही, डिप्रेशन असू शकतं, औषधाने बरं होतं. त्या वेळी माझी वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रात्री अपरात्री असेल तर 14416, टेली मानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात. मी पुढच्या शनिवारी येतेच आहे.

बाबा, आठवतंय, पूर बघायला आपण नाशिकरोडहून बसने जायचो, मी तुमच्या खांद्यावर, पाय घट्ट धरलेले. मी एकदा घाबरून विचारलं होतं की मारुती बुडाला का. तुम्ही म्हणालात, नाही गं, तो तिथेच आहे, पाणी वर आलंय. 2008 ला सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा मी हॉस्टेलवर होते आणि तुम्ही फोनवर अर्धा तास एकेक दुकान सांगत होतात. तेवढे पैसे एसटीडीला घालवले म्हणून आई ओरडली होती.

मुक्तीधाम मंदिरातला तुमचा बाक इतक्यात नको. या आठवड्यात गॅलरी, मग लिफ्ट, मग गेटपर्यंत. किती दिवसांत जायचं ते तुम्ही ठरवा, मी विचारणार नाही.

धरणातून परत पाणी सोडलंय म्हणे. दादाला फोन लावा आणि मारुतीच्या कुठपर्यंत आलंय ते विचारून मला कळवा. आईकडे फोन देऊ नका, तुम्हीच सांगा, मी संध्याकाळी सहा वाजता उठते.

तुमची,
मनू