१४.१ हा आकडा तसाच घेऊ नकोस

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम या जड हायड्रोजनांच्या संलयनातला न्यूट्रॉन १४.१ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), हे पाठ करायला ठीक. न्यूट्रॉन जनरेटरसमोर नमुना ठेवताना मात्र ऊर्जा स्वतः काढ.

सुरुवात वस्तुमानांपासून. अणुवस्तुमान एककात आत जातात ड्युटेरियम २.०१४१०२ आणि ट्रिटियम ३.०१६०४९, बाहेर पडतात हेलियम ४.००२६०२ आणि न्यूट्रॉन १.००८६६५. तूट ०.०१८८८४, दर एककाला ९३१.४९४ एमईव्हीने गुणलं की १७.५९ एमईव्ही. दशांश स्थळांत कंजूषपणा नको. ड्युटेरियम-ड्युटेरियममध्ये तीन स्थळांवर थांबलीस, तर ३.२७ ऐवजी २.७९ येतं!

दोन्ही कणांचा संवेग सारखा, म्हणून हलक्या न्यूट्रॉनच्या वाट्याला सुमारे चार पंचमांश ऊर्जा, म्हणजे १४.०५. पण हे आदळणारे कण जवळजवळ स्थिर असताना.

१०० केईव्हीचा (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ड्युटेरॉन, म्हणजे ड्युटेरियमचं केंद्रक, स्थिर ट्रिटियमवर आदळला, की त्याच्या ऊर्जेचे फक्त ६० केईव्ही अभिक्रियेला मिळतात. उरलेले वस्तुमानकेंद्र पुढे नेतात. त्या वेगाने चाललेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा जेमतेम ८ केईव्ही भरेल, म्हणून ती सोडून द्यावीशी वाटते. तिथेच फसगत होते. बेरीज वेगांची होते, ऊर्जांची नाही; वर्ग केल्यावर मधलं पद ०.६७ एमईव्हीचं निघतं. म्हणून ड्युटेरॉनच्या दिशेने समोर १४.७८, काटकोनात १४.०९, मागे १३.४३. ड्युटेरियमच्या लक्ष्यावर हेच आकडे २.८५, २.४७ आणि २.१५.

व्होल्टमीटरवर १०० किलोव्होल्ट दिसले म्हणून प्रत्येक ड्युटेरॉन १०० केईव्हीचा नसतो. बीममधल्या, म्हणजे जनरेटरच्या झोतातल्या, रेणू-आयनात दोन ड्युटेरॉन ती ऊर्जा वाटून घेतात. त्यांच्यासाठी समोरचा आकडा १४.५५ वर येतो. जाड लक्ष्यात कण मंदावतात, त्यानेही तो घसरतो. शिवाय वापरात बीममधलं ड्युटेरियम लक्ष्यात मुरतं आणि अडीच एमईव्हीच्या आसपासचे न्यूट्रॉनही मिसळू लागतात.

पडताळ्याला झिर्कोनियम आणि नायोबियम या धातूंच्या चकत्या एकत्र बांधून ठेव. १४ च्या आसपास नायोबियममध्ये न्यूट्रॉनांनी निर्माण होणारी किरणोत्सारी सक्रियता जवळपास स्थिर राहते, झिर्कोनियमची झपाट्याने चढते. गुणोत्तरावरून ऊर्जा कळते. झिर्कोनियमची ९०९ आणि नायोबियमची ९३४ केईव्हीची गॅमा रेषा इतक्या जवळ आहेत, की डिटेक्टरच्या कार्यक्षमतेतली चूक बहुतांशी कटते. मात्र त्या वेगळ्या दिसायला जर्मेनियम डिटेक्टरच हवा. मोजणी तासाभराने सुरू कर, म्हणजे झिर्कोनियमची चार मिनिटांची अल्पायुषी अवस्था संपलेली असेल. चकत्या लक्ष्याला चिकटवू नकोस. तसं केलंस तर एकाच चकतीत बरेच कोन येतात आणि हाती फक्त सरासरी लागते.

तुझी आई